तुम्ही विचारलंत म्हणून: सॉनाला आतून पॉलिश कुठलं मारणार?

मागच्या अंगणात घरच्या घरी बांधत असलेला सॉना, म्हणजे हीटरवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडून घाम काढत बसायची लाकडी खोली, आता संपत आलाय. छप्पर झालं, आतून फळ्या मारून झाल्या, हीटर जागेवर बसला, आणि आता जो कोणी येतो तो दारातून आत डोकावतो, फळीवरून हात फिरवतो आणि हमखास तेच विचारतो, "वा, मस्त झालंय, आता आतून पॉलिश कुठलं मारणार?" कोणी मेलामाईन सुचवतं, कोणी पीयू (पॉलियुरेथेन), मेव्हणा तर अर्धा उरलेला डबाच घेऊन आला होता. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो.

काहीच मारणार नाही. आतून लाकूड कोरं.

हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो, एवढं निवडून लाकूड आणलंत आणि असंच उघडं ठेवणार? हो, असंच. वरच्या बाकावर बसल्यावर डोक्याच्या उंचीला ८० ते ९० अंश सेल्सिअस असतं, आणि वार्निश काय किंवा पीयू काय, शेवटी लाकडावर चढवलेला पातळ प्लास्टिकचा थर, तो इतक्या उष्णतेत मऊ पडतो, चिकट होतो, वास सोडतो, आणि तुम्ही त्या एवढ्याशा बंद खोलीत उघड्या अंगाने बसून तोच वास छातीत भरून घेणार. वर परत कोरं लाकूड थोडा घाम, थोडी वाफ पिऊन घेतं आणि नंतर वाळताना सोडून देतं, त्यामुळे फळीवर पाणी तरंगत नाही. थर चढवला की हे बंद, मग तापलेल्या ओल्या प्लास्टिकवर बसल्यासारखं.

म्हणजे फिनिशिंग नाही का? आहे ना, उलट भरपूर आहे, म्हणून तर काम संपत नाहीये. फक्त ते दिसायला छान दिसावं म्हणून नाही, उघड्या पाठीला आणि मांडीला काय लागतं त्यासाठी आहे, आणि त्यातलं निम्मं तर पाहुण्यांना दिसणारच नाही.

बाकांचंच घ्या. एवढ्या तापलेल्या फळीवर माणूस बसू शकतो याचं कारण लाकूड उष्णता फार सावकाश देतं. त्याच फळीत वरून मारलेला स्क्रू असेल तर त्याचं डोकंही तितकंच तापलेलं असतं, पण साध्या स्टेनलेस स्टीलमधूनसुद्धा उष्णता लाकडाच्या शंभरपट सहज वाहते, मांडी टेकली की चर्रकन चटका. त्यामुळे बाकाच्या सगळ्या पट्ट्या खालून जोडायच्या. म्हणजे बाकाखाली उताणं पडायचं, ड्रिल छातीवर धरून वर भोक पाडायचं आणि भुसा थेट डोळ्यात. गॉगल लावूनच करा. ड्रिलच्या बिटला जितकं खोल जायचंय तिथे रंगीत टेपचा वेढा मारायचा, टेप लाकडाला टेकली की थांबायचं, नाहीतर बिट पट्टीतून आरपार वर येतं आणि ऐन बसायच्या जागी भोक. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, साधे लोखंडी घामाने आणि वाफेने गंजतात, आणि सीडारसारख्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, त्याच्याशी लोखंडाचं जमलं की भोवती काळे डाग पडतात जे घासून जात नाहीत.

पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवायची, पाणी खाली जायला आणि हवा वर यायला. आणि पट्ट्या निवडताना गाठी बघायच्या. पाइनच्या फळीत जिथे गाठ असते तिथे राळ असते, ती उष्णतेने पातळ होऊन बाहेर येते आणि गरम राळ अंगाला लागली की पाण्याने निघत नाही, कातडीला धरून बसते. गाठ स्वतःसुद्धा आजूबाजूच्या लाकडापेक्षा घट्ट असल्यामुळे जास्त भाजते. भिंतीला गाठीवाली फळी चालते, बाकाला नाही. बाकासाठी अस्पेन, आल्डर, अबाची असली हलकी बिनराळेची लाकडं वापरतात, किंवा थर्मो केलेलं, म्हणजे वाफेत २०० अंशांच्या आसपास तापवून घेतलेलं लाकूड, ते रंगाने तपकिरी होतं आणि पाण्याने फुगणं आकसणं बरंच कमी होतं.

मग पॉलिश पेपर. तुम्हाला पॉलिशच हवं असेल तर हेच पॉलिश. ८० नंबर, मग १२०, मग १५०. पण मधली एक गोष्ट बहुतेक लोक करत नाहीत, १२० झाल्यावर ओल्या फडक्याने सगळी फळी पुसून घ्यायची आणि पूर्ण वाळू द्यायची. पाणी लागलं की लाकडाचे दबलेले बारीक तंतू उभे राहतात, हात फिरवला की गुळगुळीत वाटलेली फळी परत खरखरीत लागते, आता त्यावर हलक्या हाताने १५० मारायचा. हे आत्ता केलं नाही तर पहिल्याच वाफेला ते तंतू उठणार आणि ते तुमच्या पाठीला कळणार. कडा सगळ्या गोल, राऊटर (लाकडाच्या कडा कापून गोल करायचं यंत्र) असेल तर त्याने नाहीतर हातानेच, आणि पुढची जी पट्टी गुडघ्यामागे येते तिच्यावर जरा जास्तच वेळ घालवा, मी तर डोळे मिटून तिच्यावरून मनगटाची आतली बाजू फिरवून बघतो, तळहाताला जे कळत नाही ते तिथे कळतं.

बाकाला फार तर सॉनासाठी मिळतं ते पॅराफिन तेल द्या, हात फिरवून फडक्याने, घामाचे डाग कमी बसतात, थर चढत नाही. भिंतींना तेही नको. अळशीच्या तेलाचं मात्र सुचवू नका, ते उष्णतेत काळवंडतं आणि त्याची बोळा करून टाकलेली फडकी सुकता सुकता आपोआप तापून पेट घेऊ शकतात, बाहेर कुठे वापरलंत तर फडकी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. बाहेरच्या भिंतींना ऊनपावसासाठी काय हवं ते लावा, तिथे माझं काही म्हणणं नाही, मेव्हण्याच्या डब्याचीही तिकडे सोय लागली.

दुसरा नेहमीचा आक्षेप म्हणजे "अहो, दाराखाली फट राहिलीय, रबर लावून देऊ का?" नका लावू! ती फट ठेवलेली आहे. हीटरजवळ खाली ताजी हवा यायला एक भोक, समोरच्या भिंतीत बाकाखाली हवा बाहेर जायला दुसरं, आणि तिसरं छताजवळ, ते सॉना चालू असताना बंद आणि नंतर वाळवायला उघडं. लोकांना वाटतं हवा निघून गेली की उष्णता निघून जाईल, पण गरम हवा वर छताशी असते आणि ही भोकं खाली असतात, जाते ती थंड शिळी हवा. हवा फिरली नाही तर दहा मिनिटांत डोकं जड होतं आणि माणूस म्हणतो सॉना मला सोसत नाही, सॉना सोसतो हो, कोंडलेली हवा सोसत नाही. घट्ट बंद सगळं करायचं ते फळ्यांच्या मागे, तिथे अ‍ॅल्युमिनियम फॉइल आहे, सांध्यांना फॉइलचीच टेप, आणि फॉइल न् फळी यांच्यात रिपा मारून सेंटीमीटरभर पोकळी, म्हणजे फळी मागूनही वाळते.

दाराला कडीसुद्धा नाही, यावरही खूप प्रश्न येतात. आतून कडी नाही, बाहेरून कडी नाही, दार बाहेर उघडतं आणि नुसत्या लोहचुंबकावर टिकतं, आत कोणाला चक्कर आली तर खांद्याने ढकललं तरी उघडलं पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंनी लाकडी. लाइट हीटरच्या वर नाही, पाठीच्या फळीमागे खाली, उष्णता सोसणाऱ्या वायरीवर, आणि हीटरची जोडणी मात्र वायरमनकडूनच, तिथे हौस नको.

थर्मामीटर छताला लावू नका, आकडा मोठा दिसतो एवढंच. वरच्या बाकावर बसल्यावर डोकं जिथे येतं तिथे, हीटरपासून लांब.

बाकांची उंची लोकांना जास्त वाटते, पाय ठेवायला पायरी चढावी लागते म्हणून कुरकुर करतात. फिनलंडमध्ये सुमारे ५५ लाख माणसांमागे अंदाजे ३० लाख सॉना आहेत, तिथला साधा हिशोब असा की बसल्यावर पाय हीटरच्या दगडांच्या पातळीला किंवा वर यायला हवेत, कारण त्याखाली हवा गारच असते, डोकं भाजतंय आणि पाय गार असं होतं. म्हणून उंच.

आता राहिलेत ते दगड. नदीतले गोटे आणून टाकतो म्हणणारे बरेच भेटले, कृपया नको. त्यांच्यात ओल मुरलेली असू शकते आणि तापल्यावर ते तडकून उडतात. ऑलिव्हिन डायबेस, पेरिडोटाइट असे घट्ट अग्निजन्य दगड सॉनासाठी म्हणून मिळतात, तेही आधी धुवायचे, धूळ जाईपर्यंत, मग मोठे खाली, लहान वर, आणि सैल रचायचे, ठासून भरले की हवा फिरत नाही आणि हीटरची कॉइल जास्त तापून लवकर जाते. कॉइल वरून दिसता कामा नये एवढंच बघायचं. वर्षातून एकदा सगळे काढून तपासायचे, भुगा झालेले फेकायचे.

ते झालं की पहिली तापवणी रिकामी, दार आणि भोकं उघडी ठेवून, आत कोणी नाही. कारखान्यात हीटरवर लावलेलं काय काय जळून जातं, वास येतो, येऊ द्यायचा. दगड धुऊन वाळत घातलेत, या शनिवारी ती करतोय, तेव्हा शनिवारी टॉवेल घेऊन येऊ नका, त्याच्या पुढच्या आठवड्यात या.