हांगेत्सू ते सेईसान: मागची टाच अखेर बसली

बसली एकदाची! गोजू-र्यू या कराटे शैलीतल्या सेईसान या काताच्या (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम) पहिल्या तिन्ही पावलांत मागची टाच उचलली गेली नाही. काल व्हिडिओ तीनदा मागे घेऊन पाहिला. दीड महिना इथेच अडकलो होतो.

शोतोकान या दुसऱ्या शैलीचा हांगेत्सू काता इतकी वर्षं घोटलाय, तर सेईसान लवकर हाताला लागेल असं मागच्या वेळी लिहिलं होतं. दोन्ही कातांचं घराणं एकच ना! सेईसान म्हणजे तेरा. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांनी त्याला हांगेत्सू, म्हणजे अर्धचंद्र, म्हटलं. दोन्हीकडे सुरुवात सारखीच: तीन पावलं पुढे, प्रत्येक पावलाला चूदान उके (छातीच्या उंचीवर वार अडवणं) आणि ग्याकू-झुकी (पुढच्या पायाच्या विरुद्ध हाताचा ठोसा). पण हांगेत्सूत डावा पाय आधी पडतो आणि हात श्वासाबरोबर संथ चालतात. गोजूत उजवा पाय आधी, ठोसा झटक्यात.

पायांची अदलाबदल आठवड्यात जमली. दाची, म्हणजे पाय रोवून उभं राहण्याची ढब, काही केल्या जमेना. हांगेत्सू-दाची जवळपास झेनकुत्सू या लांब दाचीइतकी, तीच लांबी मी गोजूच्या आखूड सांचिन-दाचीत ओढून आणत होतो. गुडघे आत घेतले की मागची टाच सुटायची. घोट्यात कडकपणा असेल म्हणून पोटऱ्या ताणत बसलो. फरक शून्य. मग फरशीवर मास्किंग टेपची आडवी पट्टी लावली: पुढची टाच आणि मागच्या पायाचा अंगठा एकाच रेषेत. पाऊल निम्म्यावर आलं, तरी टाच हलकीच. शेवटी पाऊल टाकण्याआधी माकडहाड आत घेतलं, मांड्या आपोआप आवळल्या आणि टाच जमिनीला चिकटली. दोष घोट्यात नव्हताच, कमरेत होता.

जाड फोमच्या मॅटवर हे कधीच कळलं नसतं. पाय रुततो आणि टाच टेकल्याचा भास होतो. दाचीचं काम उघड्या फरशीवरच करा, आणि गीची (कराटेच्या गणवेशाची) पँट नको, हाफ पँट घाला. गुडघा दिसला पाहिजे.

शेवट मात्र दोन्हीकडे नेको-आशी-दाचीतच (मांजरपावली दाची, वजन मागच्या पायावर). हांगेत्सूत दोन्ही तळहात खाली दाबलेले, गोजूत मावाशी-उके, म्हणजे हात गोलाकार फिरवून वार अडवणं. दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून पाहिले तेव्हा अंगावर काटा आला.

आता खरं तर कांकू-दाई आणि कोसोकुन ही पुढची काता-जोडी घेणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं: हांगेत्सूच उलटा केला तर? उजव्या पायाने सुरुवात, म्हणजे दोन्ही काता एकाच बाजूने तोलून बघता येतील. त्यानंतर वादो शैलीचा सेईशान, म्हणजे याच काताचं तिथलं रूप. कांकू थांबेल.

टेप काढलेली नाही. उद्या पहाटे उलटा हांगेत्सू.