मुलांना चित्रकादंबऱ्या सुचवताना: ठाण्यातल्या एका कपाटाची नोंद

गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या ऑफिसमधलं एक रिकामं कपाट मागून घेतलं आणि माझ्याकडची ग्राफिक नॉव्हेल्स, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून लांब गोष्ट सांगणाऱ्या चित्रकादंबऱ्या, त्यात लावली. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या थोडं अलीकडे राहतो. रविवारी सकाळी कपाट उघडतं. मुलं येतात, सतरंजीवर पसरून वाचतात, हवं तर आठवडाभरासाठी पुस्तक घरी नेतात. आपल्यासारखाच नाद असलेल्या मंडळींसाठी आतापर्यंत काय जमलं ते लिहून ठेवते आहे. सुरुवात त्या प्रश्नापासून, जो प्रत्येक पालक विचारतो: आठ वर्षांच्या मुलाला काय देऊ? दहा वर्षांच्या मुलीला काय देऊ?

वयावरून मी आता पुस्तक काढत नाही. मी उडी बघते.

दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते तिथे चित्रकाराने काहीच काढलेलं नसतं. पहिल्या चौकटीत बॉलरचा हात वर, दुसरीत स्टंप उडालेला; मधला चेंडू वाचकाने टाकायचा. हीच ती उडी. कॉमिक्सचे चित्रकार आणि अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये या उड्यांचे सहा प्रकार मांडले आहेत. एका क्षणातून लगेच पुढच्या क्षणात, एका कृतीतून दुसऱ्या कृतीत, त्याच प्रसंगात एकावरून दुसऱ्यावर, एका प्रसंगातून थेट दुसऱ्या ठिकाणी किंवा काळात, एकाच जागेवरून नुसती फिरणारी नजर, आणि कशाचा कशाला संबंध नसलेली उडी. एवढं डोक्यात ठेवून कुठलंही पुस्तक मधूनच उघडलं तरी चारपाच पानांत अंदाज येतो की हे वाचकाकडून किती काम मागणार आहे. मग त्या मुलाने याआधी काय वाचलंय ते विचारायचं आणि एक पायरी वरचं द्यायचं.

आपल्याकडच्या बहुतेक मुलांची पहिली पायरी अमर चित्र कथा आणि टिंकल. अनंत पै यांनी अमर चित्र कथा १९६७ मध्ये सुरू केली आणि टिंकल १९८० मध्ये. अमर चित्र कथेत जिथे मोठी उडी येते तिथे चौकटीच्या वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं: काही वर्षांनी, इकडे राजवाड्यात, त्याच रात्री. वाचकाला हाताला धरून पलीकडे नेतात. किंवा टिंकलमधला, राम वाईरकरांनी चितारलेला भोळा नोकर सुपंदी घ्या. मालकाने काम सांगितलं, याने शब्दशः केलं, मालकाने कपाळाला हात लावला. कृतीमागून कृती, एकही चौकट वाया नाही. नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला यापेक्षा चांगलं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. वाईरकरांच्या सुपंदीचे नुसते खांदे बघितले तरी कळतं की आता घोटाळा होणार.

पण याच मुलांचं पुढे एक होतं. ती पट्टी वाचतात, पात्रांच्या बोलण्याचे फुगे वाचतात आणि चित्रावरून डोळा सरकवून पान उलटतात. दोनशे पानांचं पुस्तक बघता बघता संपवून ‘झालं, दुसरं द्या’ म्हणत येणारी मुलं तुमच्याकडेही असतील. त्यांना चित्रापाशी थांबवायचं कसं, यावर माझं या वर्षातलं सगळ्यात जास्त काम झालं. मुलांना ‘चित्र नीट बघ’ म्हणून काही होत नाही. पुस्तकच असं द्यावं लागतं की चित्र बघितल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही.

सीसी बेल यांचं ‘एल डेफो’ यासाठी माझं पहिलं नाव. २०१४ चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी ऑनर हा बालसाहित्याचा अमेरिकन सन्मान मिळाला. लहानपणी मेनिंजायटिस होऊन लेखिकेची श्रवणशक्ती गेली, त्या दिवसांची ही गोष्ट. सगळी पात्रं ससे. शाळेत छातीवर बांधायचं ‘फोनिक इअर’ नावाचं यंत्र, त्याचा माइक बाईंच्या गळ्यात. त्यामुळे बाई वर्गाबाहेर गेल्या तरी त्यांचं सगळं सीसीला ऐकू येतं, अगदी बाथरूममधलंसुद्धा. त्या पानाला मुलं एकमेकांना बोलावून आणून दाखवतात.

बी विंगमधली चौथीतली मुलगी हे पुस्तक वाचत होती. मध्येच उठून आली आणि म्हणाली, ‘काकू, हे पान नीट छापलेलं नाही.’ तिचं बोट एका फुग्यावर होतं. यंत्राची बॅटरी संपत येते तसतशी फुग्यातली अक्षरं फिकी होत जातात आणि शेवटी फुगा असतो पण आत काहीच नसतं. मी एवढंच म्हटलं की एक पान मागे जा आणि तिच्या छातीवरच्या यंत्राकडे बघ. ती उभ्या उभ्याच मागे गेली, पुढे आली, परत मागे गेली. आणि मग इतक्या मोठ्याने ‘तिला ऐकूच येत नाहीये!’ म्हणाली की सतरंजीवरच्या सगळ्या माना वर झाल्या. त्यानंतर ती पुन्हा पहिल्या पानापासून बसली, आणि या वेळी फक्त फुगे बघत गेली. कुठे अक्षरं अर्धवट आहेत, कुठे शब्द भलतेच ऐकू आलेत. गोष्ट तिने तिसऱ्या खेपेला वाचली असावी.

दुसरं पुस्तक शॉन टॅन यांचं ‘द अरायव्हल’. २००६ चं, तपकिरी जुन्या फोटोंसारखी चित्रं, एकही शब्द नाही. जे शहर दाखवलंय तिथली लिपीसुद्धा चित्रकाराने मनाने बनवलेली, म्हणजे परक्या गावात उतरलेल्या त्या माणसाला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. मी हे सहावीतल्या एका मुलाला दिलं. त्याने ते पटकन संपवलं आणि ड्रॅगनशी लढाई का नाही झाली म्हणून नाराज झाला. पहिल्या भागात गावाच्या घरांवरून काळ्या काटेरी शेपट्या फिरताना दिसतात, त्याला तो ड्रॅगन वाटला होता.

पुढच्या रविवारी त्याची आजी त्याला न्यायला आली आणि पुस्तक हातात घेऊन बसली. आजी मूळच्या संगमेश्वरकडच्या, लग्न होऊन लालबागला चाळीत आल्या, आता मुलाकडे इथे. इंग्रजी पुस्तकांना त्या हात लावत नाहीत. इथे इंग्रजी नव्हतंच. पेटी भरायच्या पानावर त्या थांबल्या. घरच्यांचा फोटो गुंडाळून पेटीत ठेवतात ती चौकट. ‘फोटो वर ठेवलान बघ. उघडल्या उघडल्या दिसायला हवा.’ नातू शेजारी सरकला. शेपट्यांचं पान आलं तसं त्याने आपली तक्रार सांगितली. आजी म्हणाल्या, ‘अरे, लढायची ताकद असती तर घर सोडून कशाला निघाला असता?’ पुढे एक पानभर छोट्या छोट्या चौकटींत नुसते ढग आहेत, बोटीवरचा प्रवास. नातवाने ते पान एका नजरेत उडवलं होतं. आजींनी एकेक ढग बघितला आणि विचारलं, ‘किती दिवस चाललाय हा?’ तेव्हा त्याने पहिल्यांदा मोजायला सुरुवात केली. त्यानंतर वळकटी म्हणजे काय, गावाहून निघताना तिने काय काय आणलं होतं, असं सगळं निघालं आणि मी बाकीच्या मुलांकडे वळले.

तेव्हापासून शब्द नसलेली पुस्तकं मी मुद्दाम आजी-आजोबांबरोबर घरी पाठवते. ज्या घरात इंग्रजी पुस्तक म्हटलं की मोठी माणसं मागे सरतात, त्या घरात हे फार उपयोगी पडतं. लहान भावंडांसाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ सोबत देते.

रेना टेल्गेमायर यांचं ‘स्माइल’ सुचवायला फार विचार करावा लागत नाही. २०१० चं. पडून पुढचे दोन दात गेलेली सहावीतली मुलगी, आणि मग काही वर्षं चाललेले दाताच्या डॉक्टरचे हेलपाटे. दाताला तारा बसवलेलं कोणतंही मूल ते खाली ठेवत नाही. उड्या लहान, चेहरे स्वच्छ, १९८९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंपही मध्ये येऊन जातो. टिंकलवरून थेट मोठ्या पुस्तकावर यायला याच्याइतकी सोपी वाट नाही. जेरी क्राफ्ट यांचं ‘न्यू किड’ त्याच्या पुढचं. २०२० साली त्याला न्यूबेरी पदक मिळालं, हे पदक मिळवणारं ते पहिलंच ग्राफिक नॉव्हेल. मोठ्या खासगी शाळेत नव्याने दाखल झालेला कृष्णवर्णीय मुलगा, आणि मधूनमधून त्याच्या चित्रवहीची काळी-पांढरी पानं. रंगीत पानांत तो गप्प असतो, वहीत बोलतो. हे मी शाळा बदललेल्या मुलांना देते. दादर-परळ सोडून इकडे राहायला आलेली अशी मुलं आमच्याकडे भरपूर आहेत. इंग्रजी बोलीभाषा बरीच आहे, तेवढं आधी सांगून ठेवावं.

आणि ‘भीमायन’, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरची चित्रकादंबरी. यावर थोडं जास्त लिहिते, कारण पुष्कळ जण हे पुस्तक मोठ्यांचं म्हणून वरच्या फळीवर ठेवतात. मध्य प्रदेशातले प्रधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची चित्रं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, ‘नवयान’ प्रकाशनाने २०११ मध्ये काढलं. यात सरळ रेषांच्या चौकटी नाहीतच. गोंड घरांच्या भिंतींवर जी दिग्ना नक्षी असते तिच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलंय. त्यामुळे नजर कुठून कुठे न्यायची हे वाचकाने शोधायचं, आणि म्हणून मी ते बाकीची पुस्तकं पचलेल्या मुलांना देते, साधारण सहावी-सातवीच्या. फुग्यांचं तर काय सांगू! साध्या, निर्मळ बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीचा विखार असलेल्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. हे मी आधी सांगत नाही. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला छोटा भीम आणि त्याच्याबरोबरची मुलं मसूर स्टेशनवर उतरतात, जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होत नाही, तिथपर्यंत वाचू देते. मग विचारते, कोणाच्या फुग्याला नांगी आहे? मुलं मागे जाऊन सगळे फुगे तपासतात. मसूर आमच्या सोसायटीतल्या काही घरांच्या गावाकडच्या वाटेवर आहे, त्या मुलांना ते नाव वाचून बसलेला धक्का मी बघितला आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख, २० मार्च १९२७, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. पाण्याविना तहानलेलं मूल आधी भेटलं की त्या तारखेबद्दल ती वेगळे प्रश्न विचारतात. पालकांनी मात्र हे आधी स्वतः वाचावं. मुलं विचारतील आणि उत्तर द्यावं लागेल.

आता मराठी. इथे मला मनापासून वाईट वाटतं. ‘चिंटू’चे संग्रह आहेत, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये चालवलेला, आणि मराठी वाचायला कंटाळणारी मुलंही तो हातात घेतात. अमर चित्र कथा मराठीत आहेत. पण आठ ते बारा वर्षांच्या मुलाला दोनशे पानं गुंतवून ठेवेल, त्याच्या शाळेची, चाळीची, लोकलची गोष्ट सांगेल अशी लांब मराठी चित्रकादंबरी मागितली तर माझा हात कपाटात अडतो. ज्या शहरात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालू आहे, तिथल्या मुलांना हे मिळायला हवं. तोपर्यंत मी इंग्रजी पुस्तक समोर धरून फुगे मराठीत वाचून दाखवते. चित्र तेच राहतं, आणि आवाज काढायला मुलांनाही आवडतं. एकेक पात्र वाटून घेतलं की नाटकच होतं.

गणपतीनंतर एक नवा खेळ सुरू केला, तो इथे आवर्जून सांगते. पानाची झेरॉक्स काढायची, दोन चौकटी कापून कागदावर लांब लांब चिकटवायच्या आणि मध्ये जे घडलं ती चौकट मुलांनी काढायची. चित्र चांगलं यायची गरज नाही, काड्यांची माणसं चालतात. एकाच जागेसाठी प्रत्येकाची चौकट वेगळी येते आणि मग वादावादी होते: तो रडला असेल, नाही, दार आपटून गेला असेल, बघ ना पुढच्या चौकटीत दार बंद आहे. पुरावा चित्रातच शोधावा लागतो. पान भराभर उलटणाऱ्या मुलांवर याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसला. माझ्यासाठीही हा खेळ कामाचा आहे: कोणत्या मुलाला कोणती उडी जमते हे त्याच्या मधल्या चौकटीवरून लगेच कळतं, आणि पुढचं पुस्तक निवडता येतं.

‘कॉमिक वाचणं म्हणजे वाचन नव्हे’ म्हणणारे पालक येतात तेव्हा मी त्यांच्याशी वाद घालत नाही. हा मधल्या चौकटीचा कागद त्यांच्याही पुढे ठेवते आणि पेन्सिल देते. बहुतेक जण बसतात.

पुस्तकं सांभाळण्याबद्दल थोडं. ठाण्याच्या पावसात चकचकीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून जून ते सप्टेंबर पुस्तकं कपाटात दाटीने लावू नयेत, मध्ये बोटभर जागा ठेवावी. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला. जाड पेपरबॅक नवं आलं की पहिल्यांदा पुढून आणि मागून थोडी थोडी पानं उघडत मधोमध यावं. एकदम ताणून उघडलं तर कण्याचा गोंद सुटतो.

दिवाळीच्या सुट्टीसाठी दोन कामं ठरवली आहेत. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, त्याची ओळख मोठ्या मुलांना करून द्यायची आहे. त्यात नजर नुसती फिरवणाऱ्या उड्या जास्त असतात, आणि मॅक्लाउड यांनीही ते दाखवून दिलं आहे. दुसरं, मधल्या चौकटी काढणाऱ्या मुलांकडून आठ पानांची एकेक पूर्ण गोष्ट मराठीत करून घ्यायची. एका मुलीने सुरुवात केलीसुद्धा: घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली शाळेची बस, आणि पहिल्या दोन पानांत कोणी काहीच बोलत नाही. नवी मुंबईत, नेरुळ-वाशीकडे कोणी असं कपाट चालवत असेल तर मुलांनी काढलेल्या गोष्टींची अदलाबदल करायला मी तयार आहे. झेरॉक्स काढून रविवारी घेऊन येईन.