घोड्याचे केस, गरम मडकं आणि न विचारता मिळालेलं उत्तर

"हे सिरॅमिक आहे हं, साच्यात ओतलेलं. मी फक्त वर नक्षी कोरलीये आणि केस लावलेत. हातानं वळलेलं हवं असेल तर ते या बाजूला, पण ते महाग आहे."

मी काही विचारायच्या आत अ‍ॅकोमाच्या एका आजींनी हे सांगून टाकलं आणि तेव्हापासून माझं डोकं तिथेच अडकलंय. विकणारी बाई स्वतःहून आपल्याच मालाचा भाव पाडते, हे मी सांगलीच्या गणपती पेठेत जन्मात बघितलं नाही.

अ‍ॅकोमा म्हणजे अमेरिकेत न्यू मेक्सिकोतलं मूळनिवासी लोकांचं गाव, अल्बुकर्की शहराहून आय-४० हायवेने पश्चिमेला तासाभरावर. सुमारे ११० मीटर उंच सपाट डोंगर, त्यावर शेकडो वर्षांची वस्ती, आणि वर जायचं ते फक्त त्यांच्या गाईडबरोबर. घराघरासमोर टेबलं मांडून बायका मडकी विकतात. त्यांची मूळची मडकी पांढरी, त्यावर काळी बारीक नक्षी, आणि भिंती इतक्या पातळ की हातात घ्यायची भीती वाटते. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचून घडवतात. जुन्या फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या दळून नव्या मातीत मिसळतात आणि रंगवायला ब्रश कसला तर युक्का नावाच्या वाळवंटी झाडाच्या पानाचा. हे सगळं बघायला गेले होते खरी, पण नजर गेली ती घोड्याचे केस जाळलेल्या मडक्यांवर. पांढऱ्या अंगावर काळ्या, वेड्यावाकड्या रेघा, कुठे जाड, कुठे धुरकट.

ही रेघ कशी उमटते ते मी अल्बुकर्कीत एका स्टुडिओच्या डेमोला बघितलं होतं. मडकं आधी दगडानं घोटून गुळगुळीत करतात, ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, अजिबात नाही, मग एकदा भाजतात. नंतर परत तापवायचं आणि साधारण ५५० ते ७०० अंश सेल्सिअसला असताना चिमट्यानं बाहेर काढायचं. लगेच एकेक केस वर टाकायचा. केस टेकला की वळवळतो, जळतो आणि त्याचा कार्बन मातीत बसतो, बस्स, पुसायची सोय नाही. मडकं जास्त तापलेलं असेल तर कार्बनही जळून जातो आणि रेघ फिकी पडते, फार निवलं तर केस नुसता चिकटून बसतो. म्हणजे हातात मिनिटं फारच थोडी. शेपटीचा केस जाड म्हणून त्याची रेघ ठळक, आयाळीचा बारीक. गार झालं की राख पुसायची, मेण लावायचं, झालं.

वास मात्र भयंकर. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, केस जाळायचे ते फक्त दृष्ट काढताना, शोभेसाठी कोण जाळतं? पुढचा प्रश्न, त्यात पाणी गार होतं का? पाणी ठेवायचंच नसतं, झिरपतं, असं म्हटल्यावर तिचा इंटरेस्टच संपला.

दुकानांतून याला 'प्राचीन परंपरा' म्हणून खपवतात ते मला खटकतं. कुणा कुंभारणीचा लांब केस वाऱ्यानं उडून गरम मडक्यावर पडला आणि कला जन्मली, अशी गोष्टही ऐकवतात. अहो, या भागात घोडा आला तोच १५४० मध्ये, कोरोनाडोच्या स्पॅनिश लोकांबरोबर, आणि अ‍ॅकोमा-नवाहो (नवाहो ही इथली दुसरी मूळनिवासी जमात) कारागिरांची अशी मडकी बाजारात दिसायला लागली ती गेल्या काही दशकांत. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की आपण उपासाला जी साबुदाण्याची खिचडी खातो त्यातला साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची सगळं याच बाजूच्या खंडांतून पोर्तुगीजांच्या काळात आलेलं, आणि ते देवाला चालतं. तेव्हा घोड्याच्या केसाला नावं ठेवायचा अधिकार निदान मला नाही.

परत आजींकडे येते. इथे १९९० चा केंद्रीय कायदा आहे, नेटिव्ह, म्हणजे मूळनिवासी, कारागिरानं न बनवलेली वस्तू नेटिव्ह म्हणून विकली तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद. नुसता कागदावर नाही. २०१८ मध्ये अल्बुकर्कीच्या कोर्टानं फिलिपिन्समधले दागिने असे विकणाऱ्या दुकानदाराला सहा महिने आत पाठवलं. पण त्या कायद्याचा मुख्य सवाल वस्तू कोणी बनवली हा आहे. साच्यातलं मडकं आजींनी स्वतः कोरलं होतं, गप्प बसल्या असत्या तर मला काय कळणार होतं?

आणि मला आठवली लग्नातली माझी पैठणी. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "ताई, शंभर टक्के हातमाग." हातमागाचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो, माझ्या पदराच्या मागे दोरेच दोरे लोंबतायत. जीआय, म्हणजे अमुक वस्तू अमुक भागातलीच असं सांगणारी सरकारी नोंद, आपल्याकडेही आहे हो, पैठणीला आहे, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळाला. २०२५ मध्ये प्राडानं मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळ्यांनी केवढा आरडाओरडा केला, मीही स्टेटस ठेवलं होतं, आणि बरोबरच होतं ते. फक्त आपल्याच पेठेतल्या दुकानदाराला "मागची बाजू दाखवा" म्हणायला आपल्याला लाज वाटते. अर्थात आजींचं गिऱ्हाईक डॉलरवालं, आपल्या दुकानदाराच्या डोक्यावर भाडं आणि पॉवरलूमवाल्याची स्पर्धा, हेही खरंच. इथल्या हायवेवरच्या दुकानांतही काय काय विकतात ते बघितलंय मी, अमेरिका काही सगळी आजींसारखी नाही.

शेवटी मी घेतलं साच्यातलंच. हातानं वळलेलं तिप्पट महाग होतं, आणि तसंही रेघा दोन्हींवर खऱ्या घोड्याच्याच आहेत ना! कोणी इकडे आलात तर मडक्याच्या आत हात घालून बघा, आतून एकदम एकसारखं लागलं तर बहुतेक साच्यातलं. आणि सरळ विचारा, त्यांना राग येत नाही.