कन्सोल ठरला झटक्यात, अडकला हप्त्यात

मुलांसाठी व्हिडिओ गेमचा कन्सोल कुठला घ्यावा, यावर कुणाही मित्राला विचारा, तासभर बोलेल. पण तो ‘शून्य टक्के व्याजाने’ घ्यायला गेलं की काय होतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो. डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर चालवून घ्या.

निवडीचं आधी उरकतो. घरात आम्ही दोघं, थोरला सातवीत, धाकटी पहिलीत आणि आबा. थोरल्याला फुटबॉलचा गेम पाहिजे होता. कोल्हापुरात राहून पोराला फुटबॉल नको असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यावं. इथं तालमींचे फुटबॉल संघ आहेत. हा पाटाकडीलचा, ह्याचा आत्तेभाऊ दिलबहारचा. शाहू स्टेडियमवर मॅच झाली की हरलेल्याचं जेवणावर लक्ष नसतं. धाकटीला उड्या मारणारं, रंगीत काहीतरी हवं होतं. आबांना बातम्यांच्या वेळेला टीव्ही मोकळा हवा होता, बाकी त्यांची काही हरकत नव्हती.

धाकटीचा विचार केला तर खरं म्हणजे निन्टेन्डो स्विच. लहान मुलांचे गेम त्याच्यावर जितके चांगले आहेत तितके दुसरीकडं नाहीत, आणि हातात घेऊनही खेळता येतं. पण निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. दुकानात दिसतात ते बाहेरून आणलेले. त्यामुळे किंमत ज्याची त्याची, आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. पंचवीस-तीस हजारांची वस्तू मी शब्दावर घेत नाही.

एक्सबॉक्स सीरीज एस सगळ्यात स्वस्त आणि आकारानं आटोपशीर. गेम पासचे महिन्याला पैसे भरले की ढीगभर गेम मिळतात. ज्यांच्याकडं फायबरचं इंटरनेट पक्कं आहे आणि पोरं एका गेमवर टिकत नाहीत, त्यांनी डोळे झाकून घ्यावा. पण त्यात डिस्क घालता येत नाही, सगळं डाउनलोड करायचं. ५१२ जीबीचा घेतला तर वापरायला ३६४ जीबीच मिळतात. आजकालचा एकेक मोठा गेम शंभर जीबीला टेकतो. हिशेब तुम्हीच करा.

आमचं ठरलं ते डिस्कवर. आत्तेभावाकडं प्लेस्टेशन ४ च्या डिस्कचा गठ्ठा आहे, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या प्लेस्टेशन ५ वर चालतात, फक्त डिस्कवालं मॉडेल पाहिजे. शिवाय डिस्क घेतली, खेळून कंटाळा आला की विकता येते, बदलून घेता येते. ऑनलाइन घेतलेला गेम कुणाला देता येत नाही. मध्यमवर्गीय घरात हा मुद्दा बाकी सगळ्या तांत्रिक मुद्द्यांवर भारी पडतो. तेव्हा प्लेस्टेशन ५ स्लिम, डिस्कवालं. भारतात ते एप्रिल २०२४ मध्ये आलं, ५४,९९० रुपयांना. डिस्क नसलेलं १०,००० नं स्वस्त होतं, पण त्या १०,००० मध्ये दोन-चार नवे गेमच येतात. डिस्कवाल्यावर ते पैसे वसूल होतात.

झालं. इथवर भांडण नाही, रुसवा नाही. थोरल्याचा वाढदिवस संक्रांतीनंतर होता, दिवाळीच्या ऑफर उलटून गेल्या होत्या, आणि मी राजारामपुरीत एका दुकानात गेलो.

दुकानदारानं सांगितलं, रोख देत असाल तर १,५०० कमी करतो. हप्त्यानं घ्याल तर पूर्ण ५४,९९०, पण व्याज शून्य. कोपऱ्यात फायनान्सवाल्या पोराचं टेबल. स्कीमचं नाव ‘नाइन बाय थ्री’. म्हणजे एकूण नऊ हप्ते, ६,११० चा एक, त्यातले तीन आजच भरायचे आणि उरलेले सहा महिन्याला एक. वर प्रोसेसिंग फी ९९९ आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी.

ऐकायला गोड वाटतं, पण कागद-पेन घेऊन बसा. फी जीएसटीसकट ११७९, सोडलेली सूट १५००, मिळून २,६७९ रुपये. आणि उधारी खरी किती? तीन हप्ते आधीच गेलेत, म्हणजे ३६,६६० ची, तीही सहा महिन्यांत फिटणारी. सरासरी साडेतीन महिने म्हणा. वर्षाच्या हिशेबानं हे २५ टक्क्यांच्या पुढं जातं. सोनं तारण ठेवलं तरी यापेक्षा स्वस्त पडेल. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा काही प्रकार अस्तित्वातच नसतो. व्याज कुणीतरी भरतंच, कधी कंपनी, कधी दुकानदार, आणि सूट सोडून आपण.

हे सगळं मला तेव्हा टेबलावर बसल्या बसल्या कळत होतं. तरी म्हटलं, एकदम पन्नास हजार काढण्यापेक्षा सोयीचं पडेल. चालू करा.

पोरानं टॅबलेट काढला. आधार, पॅन, ओटीपी, सेल्फी. ‘सर, डोळे मिचकवा.’ मिचकवले. ‘अजून एकदा.’ मग कर्ज मंजूर. पंधरा मिनिटांत सगळं झालं म्हणून मी खूश. पुढच्या पानावर एक्स्टेंडेड वॉरंटी आणि कसलंसं हेल्थ कार्ड यांच्यापुढं टिकमार्क आधीच पडलेला. मी म्हटलं, हे काढ. तो म्हणाला, ‘सर, सगळेच घेतात.’ मी म्हटलं, मी घेत नाही. काढला. इथं एक लक्षात ठेवा: १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, ते त्यात छापलेलं असतं. मागा. मी मागितलं तेव्हा पोरगं दचकलं, पण पीडीएफ आली. सोडलेली रोख सूट तेवढी त्यात दिसत नाही, ती आपण धरायची.

आता खरं दुखणं.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जावा म्हणून खातं तपासतात. त्यासाठी फायनान्स कंपनी तुमच्या खात्यात १ रुपया टाकते आणि बँकेकडून नाव मागवते. माझा पगार इथल्या एका सहकारी बँकेत होतो, वडिलांच्या ओळखीनं काढलेलं जुनं खातं. १ रुपया आला. मेसेजही आला. पोरगं मात्र टॅबलेटकडं बघून गप्प.

‘सर, तुमचं नाव मॅच होईना झालंय.’

बँकेत माझं आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पॅनवर माझं नाव आधी, आडनाव शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. माणूस तोच, पत्ता तोच, मोबाइल तोच. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे लोक वाटले. पोरगं म्हणालं, ‘डेव्हिएशन टाकतो सर, म्हणजे अपवाद म्हणून मंजुरी मागतो. वरून अप्रूव्हल येतंय. बसा की, चहा सांगतो.’ चहा झाला. वरून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, पण पुढची पायरी ऑनलाइन मॅन्डेटची, म्हणजे हप्ता कापायला बँकेला परवानगी देण्याची, आणि त्या यादीत माझी बँकच नव्हती. राष्ट्रीयीकृत बँका होत्या, खाजगी होत्या, ज्यांची शाखा कोल्हापुरात कुणी बघितली नाही अशाही होत्या. आमची नव्हती.

मग कागदी फॉर्म. कापल्या जाणाऱ्या जास्तीत जास्त रकमेचा रकाना त्यानं स्वतःच भरला, माझ्या हप्त्याच्या कितीतरी पट. मी खोडायला लावला आणि नवीन फॉर्म घेतला. (हा रकाना बघितल्याशिवाय सही करू नका. कोरा तर मुळीच सोडू नका.) फॉर्म गेला. आणि काही दिवसांनी परत आला: सही जुळत नाही.

मी बँकेत. काउंटरवरच्या बाईंनी माझं खातं उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. कॉलेजात असताना केलेली सही. मराठीत, पूर्ण नाव, वर ठसठशीत शिरोरेघ, खाली दोन टिंबं. आज मी इंग्रजीत एक वळसा मारतो आणि पुढं जातो. बाई म्हणाल्या, ‘ही तुमचीच का?’ माझीच. ‘मग अशीच करा की.’ त्यांच्यासमोर पाच-सहा वेळा प्रयत्न केला. हाताला ते वळणच येईना. शेवटी सही बदलण्याचा अर्ज, दोन फोटो, केवायसी पुन्हा. अर्जावर साहेबांची सही लागते आणि साहेब हेड ऑफिसला मीटिंगला. मग चौथा शनिवार, मग रविवार.

दरम्यान दुकानातून फोन. ‘सर, पीस तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय, पण जास्त दिवस धरता येत नाही.’ फायनान्सवाल्याला विचारलं तर, ‘लोन अप्रूव्ह आहे सर, फक्त डीओ पडायचा राहिलाय.’ डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर. ती पडल्याशिवाय दुकानदार खोक्याला हात लावू देत नाही. ह्या माणसाचं लग्न ठरलंय, हॉल ठरलाय, वाजंत्री ठरलीयेत, फक्त मुलगी ठरायची राहिलीय, असला तो प्रकार. कस्टमर केअरला लावला तर यंत्र बोलतं, मराठीसाठी दोन दाबा म्हणतं, दोन दाबलं की हिंदीत कुणीतरी येतं आणि तक्रार नंबर देतं. तक्रार नंबर गोळा करून मी एक वहीचं पान भरवलं.

पोरगं वाईट नव्हतं, हे सांगतो. त्याला महिन्याला ठरावीक फायली पाडायच्या असतात, आणि अडलेली फाईल त्याच्या डोक्यावर असते. पण त्याच्या हातात काहीच नसतं. वरचा बटण दाबतो आणि त्या ‘वर’चा फोन नंबर कुणाकडंच नाही.

शेवट बायकोनं केला. एका रात्री मी पुन्हा मराठी सहीचा सराव करत बसलो होतो. ती म्हणाली, ‘अहो, कशाला त्याच्या मागं लागलाय? माझी भिशी लागलीय ह्या महिन्याला. ते पैसे घ्या आणि महिन्याला मला हप्ता द्या.’ म्हणजे घरातल्या घरात शून्य टक्के, आणि हे खरोखरचं. ती स्वतः दुकानात आली. आधी ठरलेली १,५०० ची सूट मागून घेतली, वर स्क्रीनला लावायचं एक एचडीएमआय केबलचं बंडल फुकट द्यायला लावलं, ज्याची गरज नव्हती, कारण केबल खोक्यात असतेच. तिला तो आनंद होता, मी मधे बोललो नाही.

पण थांबा, मशीन घेतलं म्हणजे कर्ज संपलं असं नाही. ‘अप्रूव्ह’ झालेलं कर्ज रद्द केलंय असा लेखी मेसेज किंवा मेल मागून घ्या. पोरगं ‘आपोआप जातंय सर’ म्हणेल. जात असेलही. मी मेल येईपर्यंत टेबल सोडलं नाही. मग महिन्याभरानं क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीचा कागद, बघा. ह्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चालू कर्ज दिसता कामा नये. चौकशीची नोंद राहतेच, तिला इलाज नाही.

आता सुचेल तसं.

दुकानातला हौशी पोरगा ‘अकाउंट मी काढून देतो’ म्हणाला तर देऊ नका. काही जण परदेशातला देश टाकतात. प्लेस्टेशनच्या अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही, आणि मग आपलं कार्ड तिथं चालायची पंचाईत. घरी आणा, भारत टाका, आधी आपलं अकाउंट काढा आणि त्याच्याखाली मुलांची खरी जन्मतारीख घालून त्यांची. रोज किती वेळ खेळायचं ते मोबाइलवरून बांधता येतं. थोरल्यानं पहिल्याच आठवड्यात स्वतःला अठरा वर्षांचा करायला बघितलं.

दुसरा कंट्रोलर त्याच दिवशी घ्या. सहा हजारांच्या आसपास जातात, पोटात गोळा येतो, पण एका कंट्रोलरवर दोन मुलं म्हणजे रोजची कुस्ती. घरात समोरासमोर खेळायला महिन्याची वर्गणी लागत नाही. बाहेरच्यांशी ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक विकतच्या गेमना लागते. आम्ही घेतली नाही. आत्तेभाऊ इथंच येऊन बसतो, तसंही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधा. तो नसला की बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा पळतो आणि पोरं मशीनला शिव्या घालतात. काचेच्या कपाटात मशीन कोंडू नका, मागून गरम हवा सोडतं. उभं ठेवायचा स्टँड स्लिमबरोबर येत नाही, आडवं ठेवायचे पाय येतात.

पहिल्या दिवशी डिस्क घातली की लगेच खेळ सुरू होईल असं मुलांना सांगू नका. आधी कॉपी होते, मग अपडेट उतरतं, तोवर केकसुद्धा कापून होतो. आदल्या रात्री लावून ठेवा.

आणि बिल. वॉरंटी एक वर्षाची. बिलावर मशीनचा सीरियल नंबर आणि जीएसटी नंबर छापलेला बघूनच दुकानाची पायरी उतरा. आमच्या बिलावर सीरियल नंबरातला एक आकडा चुकला होता. बायकोनं खोक्याशी ताडून बघितला म्हणून सापडला. दुकानदार पेननं दुरुस्त करून देत होता. तिनं नवीन बिल काढायला लावलं.