माकडाला चाक का देत नाही?

प्रयोगशाळेत उंदराला पिंजऱ्यात धावायला चाक देता, मग माकडाला मोठं चाक का नाही? भेटेल तो हे विचारतो, आणि सुरात थोडा आरोप असतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहिते.

देतो की! ऱ्हीसस जातीच्या माकडासाठी सव्वा मीटर व्यासाचं चाक बनवता येतं. आऱ्या, म्हणजे चाकाचे आडवे दांडे, मात्र ठेवायच्या नाहीत. फिरता दांडा आणि स्थिर चौकट यांच्यात बोट आलं की कात्रीत सापडल्यासारखं तुटतं. नट बाहेरच्या बाजूला आणि नायलॉन कड्याचे, कारण साधा नट माकड सोडवतं. बेअरिंग सीलबंद हवं, नाहीतर ८२ अंशांच्या पाण्यानं पिंजरा धुताना ग्रीस वाहून जातं.

खरा घोळ मोजणीचा. कडेला एक चुंबक, चौकटीवर एक सेन्सर, चुंबक समोरून गेला की एक फेरी. दिवे मालवल्यावरही आकडा चढत राहिला, तेव्हा शंका आली. ऱ्हीसस दिवसा वावरणारा प्राणी, अंधारात तो धावत बसत नाही. चाक थांबताना चुंबक नेमका सेन्सरच्या काठावर आला होता. चाकातच झोपलेलं माकड कूस बदलायचं, चाक दोन बोटं हलायचं आणि एक 'फेरी' नोंदली जायची. दुसरा सेन्सर लावूनही भागत नाही: पहिला अ, दुसरा ब धरला, तर झोका मोठा असेल तर अ-ब-अ असं वाचन येतं, आणि पूर्ण फेरीतही तेच येतं. तीन सेन्सर १२० अंशांवर लावायचे आणि अ-ब-क-अ किंवा उलट अ-क-ब-अ असा क्रम पुरा झाला तरच फेरी धरायची. नुसतं झुलून हा क्रम पुरा होत नाही. आधीचे आकडे टाकून द्यावे लागले. आलेखात ते फार देखणे दिसत होते.

मोजणी सुधारली म्हणजे व्यायाम मोजला, असं मी तेव्हा ठासून सांगायचे. आता सांगवत नाही. एकाच दिशेनं तासभर फिरणारं माकड पिंजऱ्यात त्रासून येरझाऱ्या घालणाऱ्या माकडापेक्षा वेगळं कशावरून? लाकडाच्या भुशात मूठभर दाणे टाकून बघते. चाक सोडून वेचायला आलं तर बरं वाटतं, पण तो पुरावा नव्हे.

शिवाय रसाच्या थेंबासाठी चाचणी देणारं माकड आधी धावलं, तर गुण बुद्धीमुळे वाढले की तहानेमुळे? म्हणून आमच्याकडे चाक चाचणीनंतर उघडतं. त्यातही खोट आहे: चाकाची ओढ लागलेलं माकड चाचणी घाईनं उरकतं.