चाक डावीकडे

आमच्या कलासंस्थेत पगारी माणूस एकही नाही. अध्यक्ष चित्रकार, सचिव चित्रकार, खजिनदार मातीकाम करतात. सभासद आसपासच्या दहा-बारा गावांतले. वर्षातून एकदा मोठं प्रदर्शन होतं आणि त्याची मांडणी गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. का, तर पहिल्या वर्षी माझ्या पर्समध्ये मेजपट्टी सापडली. स्वयंसेवी संस्थेत पदं अशीच मिळतात, आणि एकदा मिळाली की सुटत नाहीत.

मांडणी म्हणजे खिळे ठोकणं, असं बऱ्याच सभासदांना वाटतं. आम्ही चित्राची मध्यरेषा जमिनीपासून १४८ सेंटीमीटरवर धरतो. फ्रेमची उंची ६० असेल तर निम्मी ३०, म्हणजे वरची कड १७८ वर. मग फ्रेममागची तार बोटाने वर ओढून ताणायची आणि ती वरच्या कडेपासून किती खाली राहते ते मोजायचं. समजा ६. १७८ वजा ६, खिळा १७२ वर. तार सैल असताना मोजली तर प्रत्येक चित्र वेगळ्या उंचीवर बसतं आणि रांग लाटेसारखी दिसायला लागते. दोन खिळ्यांवर टांगायचं असेल तर तार दोन ठिकाणी ओढून मोजावी लागते. हे मी दर वर्षी नव्या मदतनीसाला शिकवते, आणि तो पुढच्या वर्षी येत नाही.

आणि सभासद काय आणून देतात! फ्रेममागे तार बांधायच्या डी-रिंगऐवजी पडद्याच्या कड्या. तारेऐवजी सुतळी. एकाने अजून ओलं असलेलं तैलचित्र बबल रॅपमध्ये, फुगे आत करून गुंडाळून आणलं. उघडलं तर आभाळभर गोल गोल ठसे. 'टेक्श्चर समजा,' म्हणाला. माहितीपत्रकात दर वर्षी ठळक अक्षरांत सगळं छापतो. चित्रकार चित्र सोडून दुसरं काही बघत नाहीत, वाचणं तर दूरच.

असो. सांगायचं वेगळंच आहे.

निवड फोटोंवरून होते. सभासद चित्राचा फोटो पाठवतात, सचिव त्याला क्रमांक देतात, बाहेरचे तीन परीक्षक नावं न बघता गुण देतात. या वेळी १४० च्या आसपास प्रवेशिका होत्या. क्रमांक २३ आणि क्रमांक ११८ दोन्ही निवडले गेले. मध्ये ९४ चित्रं. परीक्षकांना दोष देत नाही, साठाव्या चित्रानंतर माझेही डोळे नुसते पुढे सरकतात.

मांडणीच्या दिवशी सगळी चित्रं आधी भिंतीला टेकवून जमिनीवर उभी करतो, आणि कोण कुणाशेजारी शोभतं ते बघत फिरतो. अकराच्या सुमारास आमची मुद्राचित्रकार मैत्रीण अचानक थांबली. एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही प्लेट आणि हा प्रिंट."

मुद्राचित्रकारांचं डोकं तसंच चालतं. प्लेटवर जे उजवीकडे कोरायचं ते कागदावर डावीकडे उमटतं, त्यामुळे ते कायम जग उलटून बघत असतात. मला समजायला दोन मिनिटं लागली. दोन्ही चित्रांत एक बाई शिलाई मशीनवर बसलेली, पाठमोरी. मागून, खांद्यावरून बघितल्यासारखा कोन. मानेवरचा अंबाडा, त्यातून सुटलेली तीच एक बट, समोर खिडकी, टेबलाच्या कडेवरून ओघळलेलं कापड आणि त्याच्या त्याच तीन चुण्या. ११८ जलरंगात, खिडकी उजवीकडे. २३ तैलरंगात, खिडकी डावीकडे. आरशात बघावं तसं.

कुठलं सरळ आणि कुठलं उलटं हे कसं ओळखायचं? ते मैत्रिणीनेच दाखवलं. शिलाई मशीनचं चाक शिवणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं. जलरंगात ते तिथेच होतं. तैलचित्रातली बाई डाव्या हाताने चाक फिरवत होती.

तैलचित्र आमच्या सरांचं. सर म्हणजे संस्थेच्या पहिल्या कार्यकारिणीपासूनचे. दिवे लावणं त्यांच्याकडे, हॉलची किल्ली त्यांच्याकडे, पॅनेल त्यांच्याच गाडीतून येतात, आणि रविवारचा वर्ग ते इतकी वर्षं फुकट घेतात. मी तिथेच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, द्यायला शिकले. जलरंग त्याच वर्गातल्या एका तरुणाचं. कारखान्यात पाळीवर काम करतो, तीन वर्षांपूर्वी सभासद झाला, आणि हे त्याचं निवडलं गेलेलं पहिलंच चित्र.

मी त्याला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, संदर्भ फोटो कुणाचा? "माझाच, ताई. मावशीचा काढलाय. सरांनी वर्गात त्याच्यावर प्रात्यक्षिक दाखवलं होतं, मग मी घरी करून बघितलं." आवाजात तक्रार नव्हती. कौतुक होतं, सरांनी आपला फोटो निवडला याचं.

मग सरांना केला. "सर, ११८ बघितलंत?"

"बघितलं. चांगली प्रगती आहे त्याची."

"फोटो कुणाचा, सर?"

थोडा वेळ गेला. "वर्गाचा," म्हणाले. मग आपणहूनच, "मला प्रकाश डावीकडून हवा होता, म्हणून उलटा करून घेतला. का?"

वर्गाचा. या शब्दावर मी अजून अडकलेली आहे. खोटं म्हणावं तर फोटो वर्गात आला होता. खरं म्हणावं तर वर्ग काही कॅमेरा घेऊन मावशीकडे गेला नव्हता. आणि उलटं करणं लपवण्यासाठी होतं की खरंच प्रकाशासाठी? उजव्या हाताने काम करणाऱ्याला प्रकाश डावीकडून बरा पडतो, हाताची सावली कामावर येत नाही. ती सवय चित्रातही उतरते. सरांची निम्मी चित्रं डावीकडून उजळलेली आहेत. म्हणजे स्पष्टीकरण बसतंय. बसतंय, याचाच जास्त त्रास होतो.

आमच्या नियमावलीत सरळ लिहिलंय: वर्गात किंवा प्रात्यक्षिकात केलेलं काम आणि दुसऱ्याच्या फोटोवरून परवानगीशिवाय केलेलं काम स्वीकारलं जाणार नाही. नियमावलीचा मसुदा सरांचाच. मी अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "मांडणी तुमच्याकडे आहे, तुम्ही ठरवा." कार्यकारिणी बोलवायची तर गणसंख्येला चार जण लागतात, आणि उपलब्ध होतो तीन, त्यातले एक सर. पगारी माणसाला नोटीस देता येते. बिनपगारी माणूस फक्त दुखावतो, आणि दुखावला की गाडी, दिवे, किल्ली आणि रविवारचा वर्ग घेऊन जातो. हा हिशेब मी त्या दुपारी केला, आणि केला नाही असं म्हणणार नाही.

मांडणी करणाऱ्या माणसाला अशा वेळी न्यूयॉर्कचं १९१७ सालचं ते प्रदर्शन आठवतं. सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सचं. परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत, वर्गणी भरली की काम लागणार. मांडणीची जबाबदारी मार्सेल द्युशाँ या फ्रेंच चित्रकाराकडे होती. सगळी कामं आडनावांच्या अक्षरक्रमाने लावायची असं ठरलं, आणि सुरुवात कुठल्या अक्षरापासून तेही चिठ्ठी काढून. कुणाचं तोंड बघायला नको, कुणाची मर्जी सांभाळायला नको! तरी त्याच प्रदर्शनासाठी 'आर. मट' अशी सही केलेलं मुतारीचं भांडं आलं, तेव्हा संचालकांनी मतं घेऊन ते बाहेरच ठेवलं. ते द्युशाँनेच पाठवलेलं होतं. त्याने राजीनामा दिला. मी दिला नाही. आणि आमच्याकडे अक्षरक्रम असता तर सर आणि तो तरुण शेजारीशेजारी आले असते, दोघांची आडनावं एकाच अक्षराची.

मी काय केलं? हॉलच्या मधोमध उभी पॅनेल असतात, दोन्ही बाजूंनी चित्रं लावता येणारी. त्यातल्या एकाच्या खिडकीकडच्या, जास्त उजेडाच्या बाजूला सरांचं तैलचित्र. मागच्या, मंद बाजूला त्याचं जलरंग. कारणही तयार होतं. जलरंगाचे काही रंग प्रकाशाने उडतात, म्हणून संग्रहालयांत कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आत ठेवतात, तैलरंगाला २०० पर्यंत चालतं. कुणी विचारलं असतं तर मी हे लक्सचं पुराण ऐकवणार होते. आमचं प्रदर्शन दहा दिवसांचं. दहा दिवसांत डोळ्याला दिसेल इतका रंग सहसा उडत नाही, हे मला त्या वेळीही माहीत होतं.

खिळे ठोकून झाल्यावर मी पॅनेलच्या कडेला उभी राहिले. एका बाजूने डोकावलं, मग दुसऱ्या. उंची तंतोतंत एक. दोन्ही बाजूंची चाकं पॅनेलच्या एकाच कडेला आली होती, दोन्ही खिडक्याही. पॅनेल काचेचं असावं आणि तीच बाई इकडून तिकडून दिसावी, तसं. मांडणी म्हणून इतकी चोख जागा मी नऊ वर्षांत कुणाला दिली नव्हती.

मैत्रीण काही बोलली नाही. पाणसळ उचलून पुढच्या भिंतीकडे गेली.

उद्घाटनाला तो मावशीला घेऊन आला. बुटक्याशा, चष्मा लावलेल्या बाई. आपल्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, त्याला म्हणाल्या, "पाठच काढलीस होय रे." मग लोक फिरत होते तशा त्याही पॅनेलला वळसा घालून पलीकडे गेल्या. मी तिथेच होते, जाऊ शकले असते, गेले नाही. सरही दोन पावलांवर होते, कुणाला तरी चाकूने रंग लावण्याबद्दल सांगत होते.

मावशींनी स्वतःला ओळखलं की नाही, मला कळलं नाही. त्या चित्रातल्या मशीनकडे बघत होत्या. उजवा हात थोडा वर उचलला, हवेत चाक फिरवल्यासारखा केला, मग डावा केला. "हे मशीन असं चालायचंच नाही," म्हणाल्या. मोठ्याने, पण रागाने नाही, दुरुस्तीला आलेल्या मशीनबद्दल बोलावं तसं.

सर वळले, हसले, म्हणाले, "चित्रकाराला तेवढी सूट असते, ताई."

"असेल," मावशी म्हणाल्या.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कच्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये चित्रकार मातीसचं 'ल बातो' ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं, होडी खाली आणि पाण्यातलं प्रतिबिंब वर. तज्ज्ञांची एवढी मोठी फौज असलेल्या संग्रहालयात ते कळलं एका प्रेक्षक बाईला. आम्ही तर तीन परीक्षक आणि मी.

दुसऱ्या दिवशी सरांच्या चित्राखाली विक्रीचा लाल ठिपका लागला. त्या तरुणाच्या चित्राखाली लागला नाही. त्याने दोन्ही चित्रं बघितली होती, हे नक्की. कुणालाच काही विचारलं नाही. मीही सरांशी पुन्हा विषय काढला नाही, आणि रविवारचा वर्ग चालू आहे.

शेवटच्या दिवशी चित्रं उतरवायला चौघंच आलो. त्यांत तो होता, रात्रपाळी करून थेट आलेला. चित्रं रचताना तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावायची असते, नाहीतर एकाच्या मागच्या रिंगा दुसऱ्याच्या काचेवर घासतात. हे त्याला मी सकाळीच शिकवलं होतं. पोट्ट्याने तार ताणून मोजणंही एकदाच सांगितल्यावर उचललं.

पॅनेलजवळून त्याने दोन फ्रेमा आणल्या, दोन हातांत दोन. भोवतीच्या माउंटच्या रुंद पट्टीमुळे त्याचं जलरंग आणि सरांचा कॅनव्हास बाहेरून एकाच मापाचे झाले होते.

"मापं जुळतायत, ताई. तोंडाला तोंड लावू ना?"

मी म्हटलं, "मध्ये पुठ्ठा घाल."