फ्यूज शाबूत, जोड जळका

मोटरहोमवाल्या काकांची तक्रार साधी होती. विजेची किटली लावली की बॅटरीच्या बारा व्होल्टचे २३० व्होल्ट करणारा इन्व्हर्टर ‘बॅटरी लो’ म्हणून ओरडायचा आणि थोड्या वेळाने बंद पडायचा. आधीच्या कारागिराने बॅटरी बदलली. त्याने भागलं नाही म्हणून इन्व्हर्टरही बदलला. २००० वॉटचा नवाकोरा इन्व्हर्टर, नवी लिथियम बॅटरी, आणि ओरड तीच. दोन महागड्या वस्तू बदलताना मधल्या केबलला मीटर लावून पाहावं असं कोणालाच वाटलं नाही, याचा मला अजून राग येतो.

त्या मोटरहोमचं वायरिंग दिसायला मात्र देखणं होतं. केबल ओळंब्यात गेलेल्या, प्रत्येकीवर लेबल, टोकांना हीट श्रिंकच्या, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या, घट्ट बसलेल्या नळ्या. असं काम पाहिलं की तपासणारा अर्धा निर्धास्त होतो.

मी किटली लावायला सांगितली आणि मोजायला बसलो. लोड १५०० वॉट. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.७ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर ११. करंट १५५ अँपिअर. म्हणजे १.७ व्होल्ट वाटेतच गळत होते, आणि त्याची उष्णता होत होती २६० वॉटच्या वर. इन्व्हर्टरला पॉवर तेवढीच लागते. व्होल्टेज पडलं की तो आणखी करंट ओढतो, करंट वाढला की व्होल्टेज आणखी पडतं. किटलीच्या जोडीला आणखी काही चालू केलं की तो साडेदहा व्होल्टच्या खाली जाऊन बंद पडणार, हे उघड होतं. बिचारा इन्व्हर्टर खरं तेच सांगत होता.

मग एकेका जोडावर मीटरची टोकं ठेवत गेलो. फ्यूजच्या बॅटरीकडच्या लगवर, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर, ०.६ व्होल्ट! एका जोडावर. १५५ अँपिअरला हे नव्वदहून जास्त वॉट होतात. आमची नेहमीची सोल्डरिंग आयर्नसुद्धा साठ वॉटच्या आतली असते. नळी कापली तर आत लग निळसर-काळा पडलेला, केबलचं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं. लग हातोडीने ठोकून बसवला होता, षटकोनी साच्यात दाबून आवळलेला क्रिंप नव्हताच. लग आणि फ्यूजच्या मधोमध स्टीलचा वॉशर. वॉशर लगच्या वर, नटाखाली हवा, लगने थेट फ्यूजच्या पट्टीला टेकायला हवं. केबलचे धागे चाकूने खरवडले तेव्हा तांब्याखालून पांढरा धातू निघाला. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. वर ‘३५ स्क्वेअर’ (तारेचा छेद ३५ चौरस मिलिमीटर) छापलेलं, पण वीज वाहायची ताकद तेवढ्याच तांब्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी.

हा जोड होता पलंगाखाली. पलंगावर काकू दुपारच्या झोपायच्या, आणि काका त्यांच्यासाठी चहा टाकायचे, त्याच किटलीत.

‘पण फ्यूज का नाही उडाला?’ काकूंनी विचारलं. फ्यूज २५० अँपिअरचा होता आणि करंट १५५. फ्यूजच्या दृष्टीने सगळं ठीक चाललं होतं. फ्यूज जास्तीचा करंट ओळखतो, वाईट जोड ओळखत नाही. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांचा हात २३० व्होल्टवर बसलेला. तिथे भीती शॉकची. बारा व्होल्टला हात लावला तरी काही होत नाही, म्हणून ते काम पोरखेळ समजतात. पण तेवढ्याच पॉवरला बारा व्होल्टवर करंट कितीतरी जास्त लागतो, आणि आग लावणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते.

दुरुस्तीत मी आधी इन्व्हर्टरची जागाच बदलली. तो टीव्हीमागे शोभेसाठी लावला होता, बॅटरीपासून साडेतीन मीटरवर. उलटं करायचं असतं. २३० व्होल्टच्या बाजूला २००० वॉट म्हणजे जेमतेम ९ अँपिअर, ती वायर खुशाल लांबवा. बारा व्होल्टची बाजू आखूड ठेवा. इन्व्हर्टर बॅटरीशेजारच्या हवेशीर खणात आणला, आणि जाता-येता दोन्हीकडे ७० स्क्वेअरची शुद्ध तांब्याची केबल, प्रत्येकी सव्वा मीटरच्या आत. निगेटिव्हही तितकीच जाड. ती बारीक ठेवणारे लोक मला कळतच नाहीत. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले, नट टॉर्क पान्याने कसले. बॅटरीच्या अगदी जवळ क्लास टी फ्यूज घातला, कारण लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते आणि तेवढ्याला तोडणारा फ्यूज लागतो. हा फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंत तोडतो.

पुन्हा तीच किटली. बॅटरीवर १२.७, इन्व्हर्टरवर १२.५. करंट १५५ वरून १३७ वर आला. पाणी तेवढंच, किटली तीच. हा आकडा मी काकांना दोनदा दाखवला. केबलचा खर्च ऐकून कुरकुरणारे काका तेव्हा गप्प झाले.

मग आधीच्या कारागिराला फोन केला. भांडायला नाही, त्याला कळावं म्हणून. तो पहिल्यांदा म्हणाला, ‘फ्यूज तर उडाला नव्हता ना?’ मी मोजलेले आकडे सांगितले. त्याच्याकडचा क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) फक्त एसी मोजणारा होता, डीसी करंट त्याने कधी पाहिलाच नव्हता. बराच वेळ थांबून तो म्हणाला, ‘दादा, याच रिळातली केबल मी आणखी गाड्यांत घातलीय.’ मालकांना फोन करतो म्हणाला. केले की नाही, माहीत नाही. त्याच गाड्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे लिहितोय.

तुमच्या गाडीत इन्व्हर्टर असेल तर मोठा लोड चालू करून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर. मग तसंच निगेटिव्हला. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या वर गेली तर लोड बंद करा आणि जोड उघडून बघा.